मातीच्या मडक्यातलं खरेदीखत

एका वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

‘ताई, माझं वय ४७. दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असतं. गेल्या वर्षी माझी नोकरीही गेली, आता मिळेल ते काम करतो. मी चर्चमध्येच लहानाचा मोठा झालो, संडे स्कूलमध्ये शिकवलं. पण हल्ली प्रार्थनेला बसलो की शब्दच फुटत नाहीत. मंडळीतले लोक म्हणतात, “विश्वासात कुठेतरी कमी पडताय.” एकांनी यिर्मयाचं वचन फ्रेम करून दिलं, देवाचे संकल्प हिताचे आहेत ते. ती फ्रेम मी कपाटात उलटी ठेवली आहे. एका प्रार्थना सभेत पत्नीला सांगितलं गेलं की खरा विश्वास असेल तर डायलिसिस थांबवा. ती त्यावर विचार करते आहे. रात्री मला वाटतं, सकाळी जागच येऊ नये. हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. माझी १५ वर्षांची मुलगी विचारते, “बाबा, तुम्ही प्रार्थना करता ना?” मी हो म्हणतो. माझा विश्वास गेला आहे का? आशा कुठून आणू?’

प्रिय बंधू,

तुमच्या प्रश्नांकडे येते, पण त्याआधी दोन गोष्टी. त्या थांबू शकत नाहीत.

डायलिसिस थांबवायचं नाही. एकदाही चुकवायचं नाही. किडन्या काम करत नसताना रक्तातली घाण आणि अंगातलं पाणी बाहेर काढणारं ते एकच साधन सध्या तुमच्या पत्नीजवळ आहे. ते थांबलं तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकतं. ज्यांनी तो सल्ला दिला त्यांचा हेतू चांगला असेलही, पण पवित्र शास्त्राचा आधार त्याला नाही. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तो पोटाच्या दुखण्यासाठी आणि वारंवारच्या आजारपणासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्या काळी ते औषधच होतं. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी एक छोटं वाक्य आहे, त्यावरून आपण बहुतेक वेळा पुढे निघून जातो: त्रफिमाला मी मिलेतात आजारी असताच ठेवून आलो. ज्याच्या हातून आजारी बरे झाले तोच पौल हे लिहितो आहे. आपला सहकारी आजारी आहे, त्याला मागे ठेवावं लागलं, एवढंच. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं तो म्हणत नाही, स्वतःला दोषही देत नाही. हे वाक्य पत्नीला वाचून दाखवा. तिच्या मनात चाललेला विचार डॉक्टरांच्या कानावरही घाला. प्रत्यारोपणाचा मार्ग तिच्यासाठी आहे का, याबद्दल मोकळेपणी बोलणं झालं नसेल तर तेही त्याच वेळी विचारा.

दुसरी गोष्ट तुमच्याबद्दल. ‘सकाळी जागच येऊ नये’ हे वाक्य तुम्ही पत्राच्या मधोमध, दोन वाक्यांच्या आड लपवून लिहिलं आहे. मी ते तीनदा वाचलं. हे एखाद्या माणसाला तोंडाने सांगा, आजच. भाऊ असो, मित्र असो, पाळक असोत. आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, कारण दोन वर्षांच्या जागरणाने आणि काळजीने मन आजारी पडतं, आणि त्यावर उपचार असतात. तो विचार ‘जाग येऊ नये’च्या पुढे गेला, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर त्या रात्री एकटे राहू नका. कुणाला तरी उठवा, हेल्पलाइनला फोन करा, दवाखाना गाठा. यात विश्वासाचा कमीपणा नाही. एलीयाचंच बघा. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिलेला हा संदेष्टा पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडुपाखाली बसून म्हणतो, परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला हलवून उठवलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती, पाण्याचं भांडं होतं. तो जेवला आणि परत झोपला. दूत पुन्हा आला, पुन्हा खायला लावलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. दोन वेळची झोप, दोन वेळचं जेवण, आणि मग चाळीस दिवसांची चाल. देवाचा तो हळुवार आवाज नंतर आला, होरेबावर, भाकरीनंतर.

तुमची झोप आणि जेवण कसं चाललं आहे, हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

आता ‘विश्वासात कमी पडताय’ या बोलण्याबद्दल. असं बोलणाऱ्यांचा मला पूर्वी राग यायचा. आता वाटतं, ते घाबरलेले असतात. तुमच्यासारख्या माणसाच्या घरात हे घडू शकतं तर आपल्याही घरात घडेल, ही भीती त्यांना सहन होत नाही. म्हणून कारण शोधतात, आणि ते कारण तुमच्यात सापडलं की त्यांना सुरक्षित वाटतं. येशूच्या शिष्यांनीही जन्मांध माणूस पाहिल्यावर हेच विचारलं होतं: पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, ह्याचंही नाही, त्यांचंही नाही. बुरूज कोसळून मेलेल्या अठरा माणसांबद्दलही त्याने तेच सांगितलं, ते इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी तर पानंच्या पानं हा हिशोब मांडला, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर. ईयोबाने मात्र देवाशी वाद घातला होता, तरी देव म्हणतो, तो माझ्याविषयी यथार्थ बोलला.

त्या मित्रांनी एक गोष्ट मात्र फार चांगली केली होती. आल्यावर सात दिवस आणि सात रात्री ते ईयोबाजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

माझे पती गेले तेव्हा घरात सांत्वनाला येणाऱ्यांची रीघ होती, आणि प्रत्येकाजवळ एक वचन होतं. त्यातलं एकही आज आठवत नाही. मंडळीतल्या एक वयस्कर बाई आल्या, सरळ स्वयंपाकघरात गेल्या. दोन दिवसांची भांडी साचली होती, ती त्यांनी घासली. बादलीत पिळून ठेवलेले कपडे तसेच पडले होते, त्यांना वास यायला लागला होता. ते पुन्हा धुऊन दोरीवर वाळत घातले, एकेक झटकून. त्यांत त्यांचा, माझ्या पतीचा, एक शर्ट होता. तो हातात घेऊन त्या क्षणभर थांबल्या, मग कॉलर नीट करून तोही वाळत घातला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढंच. मला तेव्हा प्रार्थना करता येत नव्हती, पण त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की माझ्यासाठी कुणीतरी करतं आहे.

म्हणून सांगते, शब्द फुटत नसतील तर थोडे दिवस इतरांना तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात. गर्दीमुळे आत शिरता येत नाही, म्हणून छप्पर उसवतात आणि बाज खाली सोडतात. मार्क लिहितो की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, याची चौकशी कुणी केली नाही. तुमच्या मंडळीतही सगळेच फ्रेम देणारे नसतील. भांडी घासणारं एखादं माणूस असेल. त्याला शोधा, आणि स्पष्ट सांगा की मला जमत नाही, तुम्ही करा.

त्या फ्रेमबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण कपाटात उलटी ठेवलेली ती फ्रेम तुमच्या पत्रातली सगळ्यात आशेची गोष्ट आहे असं मला वाटतं. तुम्ही ती फेकली नाहीत.

यिर्मयाचं ते वचन एका पत्रातलं आहे. यरुशलेमेतून पकडून बाबेलला नेलेल्या लोकांना त्याने ते पत्र धाडलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, बाबेलच्या राजाचं जू मोडेल. लोकांना ते किती गोड वाटलं असेल! यिर्मया म्हणतो, नाही, सत्तर वर्षं लागतील. तुमच्या फ्रेममधल्या वचनाच्या अगदी आधीच्या ओळीत हा सत्तरचा आकडा आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परतीचा दिवस पाहणार नव्हते. आणि तरी तो त्यांना सांगतो: घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा. हे वचन लवकर सुटका होईल असं सांगण्यासाठी लिहिलेलंच नाही. लवकर सुटका होणार नाही हे कळलेल्या माणसांसाठी ते आहे. तुमच्या हाती ते चुकीच्या अर्थाने दिलं गेलं, म्हणून ते बोचलं. बोचणं साहजिक होतं.

आणखी तीन अध्याय पुढे जा. आता यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे, इसवी सन पूर्व ५८७ च्या सुमाराची गोष्ट. शहर पडणार असं सांगितलं म्हणून यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवलं आहे. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अनाथोथ शहराबाहेर, आणि शहराबाहेर शत्रू. घेणारा कैदेत. अशा वेळी जमीन कोण घेतं? यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहून त्यावर सही करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, हे मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. (मातीच्या भांड्यात कागद किती टिकतो ते आपल्याला ठाऊक आहे. १९४७ साली मृत समुद्राजवळच्या एका गुहेत मडक्यांत ठेवलेल्या हिब्रू शास्त्राच्या गुंडाळ्या सापडल्या, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या.)

मला मात्र त्याच्यापुढची ओळ सगळ्यात जवळची वाटते. व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेत गोंधळ आहे. मोर्चे तटाला भिडले आहेत, शहर शत्रूच्या हाती जाणार आहे, आणि प्रभू, तू मला म्हणतोस शेत विकत घे! पैसे मोजून झाले आहेत, सही झाली आहे, आणि मग हा प्रश्न. त्याला आधी खात्री पटली आणि मग त्याने शेत घेतलं, असं झालं नाही. त्या शेतात यिर्मयाने कधी नांगर धरल्याचा उल्लेखही कुठे नाही. पुढे लोकांनी त्याला मिसरात नेलं.

तुम्ही विचारता, आशा कुठून आणू. बंधू, आशा म्हणजे छातीत येणारी उभारी, असं आपण समजून बसलो आहोत, आणि ती उभारी येईना की आशा संपली म्हणतो. मला शास्त्रात दिसते ती आशा यिर्मयाच्या हातातली, चांदी तोलणारी. मन काहीही म्हणत असलं तरी देवाच्या शब्दावर पुढचं एक काम करणं. पंडिता रमाबाईंचं पाहा. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षंही होतात न होतात तोच पती. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं वर्षानुवर्षांचं काम त्यांनी हातातून सोडलं नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्या महिन्यांत त्यांच्या मनात काय चाललं असेल ते देवच जाणे. कागदावर ओळी मात्र उतरत राहिल्या.

तुम्ही आठवड्यातून तीन वेळा पत्नीला डायलिसिसला घेऊन जाता. तिथे चार तास बसता. मिळेल ते काम करता. मुलगी विचारते तेव्हा तिचं मन मोडू नये म्हणून हो म्हणता. ज्याची आशा पुरती विझली आहे तो हे करत नाही. तुम्ही चांदी तोलतच आहात, फक्त त्याला आशा म्हणतात हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

प्रार्थनेचे शब्द येत नाहीत, त्याचं काय करायचं? उसने घ्या. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांत रडगाणी, तक्रारी, विनवण्या इतक्या आहेत की उपासनेत आपण गातो ती गाणी त्यापुढे फारच हसरी वाटावीत. तेराव्या स्तोत्रापासून सुरुवात करा. अवघ्या सहा ओव्या, आणि पहिल्या दोनांतच चार वेळा ‘कोठवर?’ असं विचारलं आहे. डायलिसिसच्या त्या चार तासांत एकदा वाचा, हळू. शेवटची दोन वचनं स्तुतीची आहेत. ती म्हणवत नसतील तर चौथ्या वचनावर थांबा. मग एखाद्या दिवशी ८८ वं स्तोत्र काढा. त्याच्या शेवटी वळण नाहीच, ते अंधारातच संपतं. हिब्रूतला शेवटचा शब्दच अंधार आहे. आणि तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकात ठेवलेलं आहे, कारण सगळा अंधार सांगितला आहे तो देवालाच. वधस्तंभावर येशूने म्हटलेलं ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हेही स्तोत्रच, बाविसावं. त्यालाही त्या घडीला उसनेच शब्द पुरले.

देव जवळ वाटत नाही म्हणजे विश्वास गेला, असं मी तरी मानत नाही. मदर तेरेसा १९९७ साली गेल्या. दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. आत सगळं कोरडं, अंधारलेलं. ती पत्रं वाचून काहींना धक्का बसला. मला धीर आला. रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसणाऱ्या, मरणाऱ्यांची जखम स्वच्छ करणाऱ्या त्या बाईंनाही ‘जाणवत’ काही नव्हतं.

पण इथेच थांबले तर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कारण ख्रिस्ती आशा फक्त टिकून राहण्याची नाही. ती एका रिकाम्या कबरेवर उभी आहे. लूकच्या शेवटच्या अध्यायात दोन शिष्य अम्माऊसच्या वाटेने चालले आहेत, अकराएक किलोमीटरची वाट. येशूला खिळून तीन दिवस झाले आहेत. एक अनोळखी माणूस येऊन सोबत चालू लागतो, आणि ते त्याला सांगतात, आमची आशा होती की इस्राएलाची सुटका करणारा तो हाच. आशा ‘होती’. भूतकाळ. आणि हे ते सांगतात कुणाला? ज्याच्या मरणाने त्यांची आशा मेली तोच त्यांच्या शेजारून चालतो आहे. तो त्यांना मधेच तोडत नाही. सगळं सांगू देतो. मग चालता चालता शास्त्र उलगडतो, संध्याकाळ होते, ते त्याला आग्रहाने थांबवून घेतात, आणि भाकर मोडताना ओळख पटते.

त्याच्या पुनरुत्थित हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. थोमाला त्याने त्याच दाखवल्या. म्हणून तुमच्या पत्नीच्या हातावरच्या सुयांच्या खुणांनाही देवाजवळ जागा आहे असं मी मानते. ती बरी व्हावी म्हणून जरूर प्रार्थना करा, मीही करते आहे. पण ती बरी झाली तरच देव खरा, अशी अट आपण घालू नये, आणि ती तुमच्यावर कुणाला घालूही देऊ नये. मृत्यूचा शेवटचा शब्द त्या रविवारी पहाटे काढून घेतला गेला. डायलिसिसचा निकाल काहीही लागो, तो शब्द मृत्यूला परत मिळणार नाही. हे मी माझ्या पतीच्या कबरेजवळ उभी राहून म्हणाले आहे, आवाज थरथरत होता तरी.

मुलीशी बोला. पंधरा वर्षांच्या मुलीला घरातलं खोटं लगेच कळतं, आणि तिला वाटत असेल की बाबांचं काहीतरी आपल्यापासून लपवलं जातं आहे. तिला सांगा, मला सध्या प्रार्थनेत शब्द सापडत नाहीत, तू माझ्याबरोबर तेरावं स्तोत्र वाचशील का? एक ओळ तिने, एक तुम्ही. रात्रीचे ते विचार मात्र तिच्यावर टाकू नका. ते मोठ्या माणसाजवळ आणि डॉक्टरांजवळ. आणि वाचून झाल्यावर वाटलं तर ती फ्रेम कपाटातून काढून तिला दाखवा, सत्तर वर्षांची आधीची ओळही वाचून दाखवा. पुन्हा भिंतीवर लावायची की नाही ते दोघं ठरवा. नाही लावली तरी चालेल.

तुमच्या पत्नीचं नाव पत्रात नाही. मी प्रार्थनेत ‘त्या बहिणी’ असंच म्हणते आहे. डॉक्टरांशी काय बोलणं झालं, तिचं आणि तुमचंही, ते मला कळवा. जमलं तर तिचं नावही.

तुमची,
ताई